पोरानं पाठवलेलं औषध

मखमलाबादच्या कालव्याला लागून खंडेराव काकडांचा दीड एकराचा मळा होता. आधी चार एकर होता. भावाभावांच्या वाटण्या झाल्या, आजूबाजूला प्लॉट पडले, बंगले उठले आणि मधोमध हा एवढाच हिरवा तुकडा राहिला. त्यात गुलाब, शेवंती, बिजली आणि बांधाच्या कडेनं झेंडू. चाळीस वर्षं खंडेराव तांबडं फुटायच्या आत फुलं तोडून गणेशवाडीच्या फूलबाजारात नेत आले. त्यांच्या गुलाबाला बाजारात नाव होतं, कारण वरती ताजी आणि खाली शिळी कळी अशी जुडी त्यांनी कधी बांधली नाही.

अंगात पांढरा सदरा, डोक्यावर टोपी आणि गळ्यात तुळशीची माळ. माळ विसाव्या वर्षी घातलेली. तेव्हापासून मटण नाही, मासे नाहीत, अंडंही नाही. लग्नानंतर लंकाबाईंनीही माळ घातली, आणि त्या घरात कांदा-लसणाच्या फोडणीपलीकडे दुसरा वास कधी आला नाही.

लंकाबाई सन दोन हजारच्या श्रावणात गेल्या. कावीळ उतरलीच नाही. एकुलता एक मुलगा रविराज त्याआधी वर्षभरच अमेरिकेला गेला होता, गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत इंजिनियर म्हणून. तो दहाव्याला पोचला, तेराव्यानंतर चार दिवसांनी परत गेला. जाताना म्हणाला, "आबा, तुम्ही तिकडं चला." खंडेराव म्हणाले, "आणि गुलाबाला पाणी कोण दील?" दोघांनाही माहीत होतं की हे नुसतं बोलायचं म्हणून बोलणं आहे.

मग दर रविवारी सकाळी आठला फोन यायचा. तिकडे शनिवारची रात्र असायची. खंडेराव पावणेआठलाच अंघोळ उरकून फोनजवळ खुर्ची ओढून बसायचे.

"आबा, बरे आहात ना?"

"बरा हाय. तुम्ही?"

"आम्ही मजेत. पाऊस?"

"झाला थोडा."

"बरं. आरोही झोपलीय, नाहीतर दिली असती. ठेवतो मग?"

"ठेव."

तीन मिनिटं, फार तर चार. फोन ठेवल्यावर खंडेराव तसेच खुर्चीत बसून राहायचे. सांगायचं खूप असायचं, पण विचारल्याशिवाय सांगायची त्यांना सवय नव्हती. घरात ते सगळं लंकाबाई बोलायच्या.

स्वयंपाक त्यांना येत नव्हता. भाकरी थापायला गेले की ती तव्यावर जायच्या आधीच फाटायची. त्यामुळे फुलं विकून झाली की पंचवटीतल्या एका हॉटेलात मिसळ खायची, तीही जास्त तर्री घालून. तिथे चार फूलवाले एका टेबलावर बसत, भावाची चर्चा होई, कुणाच्या मुलीचं लग्न निघे. संध्याकाळी घरी शेव, फरसाण आणि पाव. मागच्या दोन खोल्यांत कुंदन आणि सुवर्णा हे जोडपं भाड्यानं राहायचं. कुंदन सातपूरच्या एका कारखान्यात पाळीवर जाई. सुवर्णा अधूनमधून भाजीची वाटी घेऊन येई आणि उंबऱ्यातून म्हणे, "आबा, जास्त झाली होती." जास्त झालेली नसायची, हे खंडेरावांना कळत होतं.

दोन हजार चारच्या फेब्रुवारीत फूलबाजारात पाटी उतरवताना खंडेरावांना घेरी आली. शेजारच्या फूलवाल्यानं धरलं म्हणून पडले नाहीत. डॉक्टरांनी रक्त तपासलं. कोलेस्टेरॉल दोनशे अठ्ठ्याऐंशी निघालं.

"रोज काय खाता?" डॉक्टरांनी विचारलं.

खंडेरावांनी खरं ते सांगितलं. डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. "मिसळ बंद, फरसाण बंद, वनस्पती तूप बंद. रोज अर्धा तास चालायचं. आणि ही एक गोळी, रात्री जेवल्यावर. ही सोडायची नाही."

मिसळ बंद झाली तशी टेबलावरची ती चार माणसंही बंद झाली. एकदोनदा खंडेराव नुसता चहा घेऊन बसले, पण समोर सगळे खात असताना आपण हात बांधून बसायचं, हे त्यांना जमलं नाही. ते बाजार आटोपून सरळ घरी येऊ लागले.

त्या रविवारी फोनवर त्यांनी सहज सांगितलं, "माझं ते कोलेस्टॉल वाढलंय म्हणत्यात."

रविराज एकदम सावध झाला. किती? कधी तपासलं? डॉक्टर काय म्हणाले? त्याचा आवाजच बदलला. "आबा, इथं यावर लोक खूप वाचतात. ओमेगाच्या गोळ्या असतात, सगळेच घेतात. मी पाठवतो. हृदयाला एकदम चांगल्या." त्या दिवशी फोन चौदा मिनिटं चालला. खंडेरावांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे दोनदा पाहिलं.

जूनमध्ये रविराजच्या एका मित्राबरोबर पार्सल आलं. सहा मोठ्या बाटल्या, आत सोनेरी, काचेसारख्या पारदर्शक, लांबट गोळ्या. खंडेरावांनी एक गोळी खिडकीच्या उजेडात धरून पाहिली. मधाचा थेंब गोठवून ठेवावा तशी ती दिसत होती. बाटल्या त्यांनी देवघराखालच्या फळीवर ठेवल्या. डॉक्टरांची गोळी एवढीशी, पांढरी, कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये मिळणारी. एका दुखण्याला दोन-दोन औषधं कशाला, असं म्हणून त्यांनी ती पांढरी गोळी सोडून दिली. डॉक्टरांना विचारलं नाही आणि रविराजलाही सांगितलं नाही.

आता रविवारच्या फोनला विषय मिळाला.

"आबा, गोळ्या घेताय ना?"

"दोन सकाळी, दोन सांजच्याला."

"जेवणानंतरच ना?"

"जेवणानंतरच."

"गुड. आणि चालायला जाता? किती? कालव्यापर्यंतच? आबा, त्याच्या पुढं जा थोडं."

फोन दहा-बारा मिनिटांवर गेला. कधी सूनबाई बोलू लागली, कधी आरोहीनं "आजोबा, टेक युवर मेडिसिन" असं म्हटलं आणि खंडेरावांना न कळताही हसू आलं. आठवडाभर ते त्या गोळ्या देवाचा प्रसाद घ्यावा तशा घेत.

पावसाळ्यानंतर घरात एक वास येऊ लागला. दुपारी जेवून पडलं की यायचा, संध्याकाळी यायचा. बुधवारच्या बाजारात सुक्या बोंबलांच्या गल्लीवरून जाताना खंडेराव नाकाला उपरणं लावत, तसला वास. त्यांनी खिडक्या लावून पाहिल्या, धूप जाळला, मोरी फिनाईलनं धुतली. वास जाईना. शेवटी मार्च महिन्यात एका दुपारी ते मागच्या खोलीच्या दाराशी जाऊन उभे राहिले.

"सुवर्णा, तुम्ही काय खावं ते मी सांगणार नाय. पण या घरात बोंबील भाजू नका."

सुवर्णा गहू निवडत होती. हातातलं सूप तिनं खाली ठेवलं.

"आबा, अडीच वर्षं झाली आम्हाला इथं. तुमच्या गळ्यात माळ आहे म्हणून मी अंडंसुद्धा उंबऱ्याच्या आत आणलं नाही. यांना खायचं असलं तर सातपूरला मित्राकडे खाऊन येतात, आणि तोंड धुऊन घरात शिरतात."

"मग वास कुठून येतो?"

"ते मला काय माहीत? माझ्या चुलीतून तर येत नाही."

खंडेरावांचा विश्वास बसला नाही, आणि तो बसला नाही हे त्यांच्या तोंडावर दिसलं. त्या दिवसापासून भाजीची वाटी यायची थांबली. सुवर्णा नळावर दिसली तरी पदर सारखा करून आत जायची. कुंदन पूर्वी जाता-येता "काय आबा" म्हणायचा, तोही गाडीला किक मारून निघून जाऊ लागला. अंगणात ज्या दोन माणसांचे आवाज कानावर पडायचे, तेही आता दार लावून बोलू लागले.

एप्रिलमध्ये ऊन तापलं. पत्र्याची झळ देवघरापर्यंत यायची. एका सकाळी बाटलीतल्या गोळ्यांचा उकाड्यानं एकमेकींना चिकटून गोळा झालेला दिसला. खंडेरावांनी सुरीच्या टोकानं एक वेगळी करायला घेतली. ती फुटली आणि पिवळसर तेल त्यांच्या बोटांवर ओघळलं.

तोच वास.

त्यांनी बोट नाकाजवळ नेऊन पुन्हा वास घेतला. मग बाटली फिरवून पाहिली. शाळा सातवीपर्यंत, इंग्रजी अक्षरं कीटकनाशकाच्या डब्यांवरून थोडीफार ओळखीची, पण शब्दांचा अर्थ लागेना. वाचून देईल असं माणूस घरात एकच होतं.

सुवर्णा बी.ए. झालेली होती. खंडेराव दारात आले तशी ती उठून उभी राहिली. त्यांनी बाटली पुढे केली.

"यावर काय लिवलंय, बघ जरा."

तिनं बाटली घेतली. वाचलं, पुन्हा वाचलं. मग तिनं त्यांच्या तेलकट बोटांकडे पाहिलं आणि तिला सगळं उमजलं. ती इतक्या हळू बोलली की खंडेरावांना पुढे वाकावं लागलं.

"आबा, हे माशाचं तेल आहे."

"नीट वाच."

"नीटच वाचलंय, आबा."

खंडेराव तिथेच पायरीवर बसले. दहा महिने. रोज चार. एकादशीलासुद्धा घेतल्या होत्या, औषधाला एकादशी नसते म्हणून. सुवर्णानं पाण्याचा तांब्या आणून दिला. त्यांनी चूळ भरली, पुन्हा भरली, तांब्या संपेपर्यंत भरतच राहिले.

"पोरी, तुझ्यावर उगाच आळ घेतला मी."

"जाऊ द्या आबा."

"वास माझ्याच तोंडाला येत होता."

सुवर्णानं डोळे पुसले. रविराजदादांना फोन लावू का, असं तिनं विचारलं. खंडेरावांनी जोरजोरात मान हलवली. "त्याला नाय कळू द्यायचं. त्यानं चांगल्या मनानं पाठवलंय."

त्या दिवशी अंघोळ करून त्यांनी गळ्यातली माळ काढली. बेचाळीस वर्षांत ती फक्त तुटली तेव्हाच उतरली होती, आणि ओवून होईपर्यंत त्यांनी अन्नाला हात लावला नव्हता. आता ती त्यांनी लंकाबाईंच्या फोटोपुढे वाटीत ठेवली. गुरुवारी देवळातल्या भजनाला गेले नाहीत. पुढच्या गुरुवारीही नाही. उघड्या गळ्यानं देवळात कसं जायचं, आणि कुणी विचारलं तर काय सांगायचं, याचा विचार करत ते घरात बसून राहिले.

पण विचारायला कुणी नव्हतंच. फूलबाजारात नाही, कालव्यावर चालताना भेटणाऱ्या बंगलेवाल्यांनी नाही. सुवर्णाच्या लक्षात आलं असेल, पण ती बोलली नाही. सतरा दिवस खंडेराव मोकळ्या गळ्यानं फिरले. पूर्वी शेतात वाकलं की माळ पुढे लोंबायची आणि हात आपोआप ती सदऱ्यात सारायचा. हात अजूनही गळ्याशी जायचा आणि काही न सापडल्यानं खाली यायचा. लंकाबाई असत्या तर पहिल्याच घासाला त्यांनी ताट सरकवून माळेचं विचारलं असतं.

अठराव्या दिवशी चिमाजी आले. भजनात पखवाज वाजवणारे, खंडेरावांच्या वयाचे, कालव्यापलीकडे राहणारे. ओट्यावर बसता बसताच म्हणाले, "दोन बारी आला नाय. आजारी हाय का?" आणि मग त्यांची नजर गळ्याशी थांबली. "माळ कुठंय, खंडू?"

"तुटली."

"मग ओवून दिली असती की मी. आण इकडं."

खंडेरावांनी आतून वाटी आणली. चिमाजींनी माळ हातात घेऊन मणी न् मणी चाचपला. दोरा अखंड होता. त्यांनी वर पाहिलं. खंडेरावांना आता लपवणं जमेना. सगळं सांगितलं. 

चिमाजींनी माळ पुन्हा वाटीत ठेवली. मग म्हणाले, "माशाचंच हाय हे तुला ठाऊक होतं का?"

"नाय."

"पोराला?"

"त्याच्या ध्यानात आलं नसंल. तो तिकडं सगळंच खातो, असं वाटतं मला. विचारलं नाय कधी."

"मग पाप कुणाला लावू राहिला तू? उद्या सकाळी पंचवटीत गंगेवर चल. अंघोळ करू, मी सोता तुझ्या गळ्यात घालतो." थोडं थांबून ते म्हणाले, "पोराला मात्र सांग. असलं बापलेकात ठेवू नये."

"सांगतो," खंडेराव म्हणाले. दुसऱ्या दिवशी माळ पुन्हा गळ्यात आली, पण रविराजला त्यांनी काही सांगितलं नाही. रविवारी फोन आला, "गोळ्या घेताय ना?" आणि त्यांच्या तोंडून सवयीनं गेलं, "घेतो की." ते 'घेतो की' मागं घ्यायचं तर सगळं संभाषणच मागं घ्यावं लागलं असतं. गोळ्या नाहीत, तर मग फोनवर बोलायचं तरी काय?

ते डॉक्टरांकडे मात्र गेले. रक्त पुन्हा तपासलं, दोनशे ऐंशी. डॉक्टरांनी बाटली उलटसुलट पाहिली.

"काका, माशाच्या तेलानं रक्तातली दुसरी एक चरबी थोडी उतरते. तुमचं जे वाढलंय, त्याला याचा फारसा उपयोग नाही. आणि मी दिलेली गोळी?"

"सोडली. पोरानं हे पाठवलं होतं, म्हणून."

"सोडण्याआधी मला एकदा विचारायचं तरी. बाटलीवर काहीही लिहिलेलं असो, ती औषधाच्या जागेवर बसवायची नसते."

"मग शाकाहारी काही नाय का?"

डॉक्टर हसले. "इसबगोल घ्या, जेवणाआधी भरपूर पाण्यातून. त्यानं थोडी मदत होते. जवसाची चटणी खा. पण गोळीच्या जागी नाही, गोळीबरोबर. तीन महिन्यांनी रिपोर्ट घेऊन या."

खंडेरावांनी सगळं मनावर घेतलं. सुवर्णानं त्यांना जवस मंद आचेवर भाजायला शिकवलं, तडतडायला लागले की उतरवायचे, मग लसूण आणि तिखट घालून कुटायचे. भाकरीही शिकवली. पहिल्या कितीतरी भाकऱ्या दारावर येणाऱ्या गाईनं खाल्ल्या, मग एक दिवस भाकरी फुगली. ती त्यांनी ताटात घेतली, चटणी घेतली, आणि समोरच्या भिंतीकडे बघत खाल्ली.

ऑगस्टमध्ये कोलेस्टेरॉल एकशे त्र्याण्णव आलं. रविवारी त्यांनी आकडा सांगितला तेव्हा रविराज फोनवर ओरडलाच. "बघा! मी म्हणत होतो ना, आबा! ऑफिसात सगळ्यांना सांगतो. अजून चार बाटल्या पाठवतो."

"पाठव," खंडेराव म्हणाले.

बाटल्या आल्या. लंकाबाईंच्या लोखंडी पेटीत, त्यांच्या लुगड्यांखाली, खंडेरावांनी त्या आधीच्या उरलेल्यांसकट ठेवून दिल्या. फेकवेनात आणि कुणाला देववेनात.

डिसेंबरात रविराज बायको आणि आठ वर्षांच्या आरोहीला घेऊन पंधरा दिवस आला. घर भरलं. मळ्यात आरोही गुलाब तोडत फिरली. चौथ्या दिवशी रविराजला आईचं हिरवं लुगडं बायकोला दाखवायचं होतं. खंडेराव फुलं बाजारात टाकून परत आले तेव्हा पेटी उघडी होती आणि पलंगावर सात बाटल्या ओळीनं मांडल्या होत्या. सहांचं सील तसंच होतं.

"हे काय आहे, आबा?" रविराजचा आवाज चढला होता. "दर आठवड्याला मी विचारत होतो. दर आठवड्याला तुम्ही हो म्हणत होता."

खंडेराव पलंगाच्या कडेला टेकले. "ते माशाचं तेल हाय, रवी."

 बाटलीवर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं त्यानं शंभर वेळा पाहिलं होतं. त्याची नजर बापाच्या गळ्याकडे गेली.

"मी... माझ्या डोक्यातच आलं नाही, आबा."

"माहीत हाय मला."

"पण तुम्ही सांगायचं ना! एका शब्दानं सांगितलं असतं तर मी जवसाच्या तेलाच्या पाठवल्या असत्या. तिकडं मिळतात."

"जवस इथं पोत्यानं मिळतंय."

"मग सांगितलं का नाही?"

खंडेरावांनी एक बाटली उचलून हातात फिरवली. "तू गोळ्यांचं विचारायचा तवा लय वेळ बोलायचा. त्याआधी नुसतं पाऊस झाला का, एवढंच. मला वाटलं, गोळ्या नकोत म्हटलं तर पुन्हा पावसावर येईल."

रविराज खिडकीशी जाऊन उभा राहिला. बाहेर आरोही आईला मोठमोठ्यानं काहीतरी दाखवत होती.  संध्याकाळी त्यानं त्या बाटल्या पिशवीत भरून कुंदनकडे दिल्या, त्याच्या कारखान्यातल्या कुणाला डॉक्टरांनी सांगितलं असेल तर देण्यासाठी.

ते लोक गेल्यावर पहिल्या महिन्यात फोन आठवड्यातून दोनदा आला. मग एकदा. मग एखादा रविवार चुकू लागला. आरोहीचे क्लास असत, शनिवारी पाहुणे असत. खंडेरावांनी तक्रार केली नाही. मार्चमध्ये कुंदनला अंबडला कंपनीजवळ घर मिळालं. सुवर्णा जाताना पाया पडली आणि चटणीचा डबा भरून देऊन गेली. मागच्या खोल्या त्यांनी पुन्हा भाड्यानं दिल्या नाहीत. देऊ देऊ म्हणताना राहून गेलं.

मेमधल्या एका रविवारी सकाळी सव्वानऊला फोन वाजला.

"आबा, उशीर झाला. काय जेवणार आज?"

नेहमीसारखं "बघू काहीतरी" म्हणता आलं असतं. पण त्या दिवशी खंडेराव म्हणाले, "काय नाय केलं अजून. एकट्यासाठी तवा ठेवायला जीव होत नाय रे."

 फोन कटला की काय म्हणून खंडेरावांनी रिसीव्हर कानाशी घट्ट धरला.

मग रविराज म्हणाला, "आबा, मीही आत्ता एकटाच बसलोय. ही आणि आरोही बाहेरगावी गेल्यात. फ्रिजमधलं गरम केलं आणि तसंच ठेवून दिलं."

"खाऊन घे. गार होईल."

"तुम्ही चूल पेटवा, मग मी खातो. फोन चालू ठेवा."

खंडेरावांनी रिसीव्हर स्टुलावर आडवा ठेवला, जितकी वायर पुरेल तितका स्वयंपाकघराच्या दाराकडे ओढून. परातीत पीठ घेतलं. पीठ मळताना ते मोठ्यानं सांगू लागले की यंदा शेवंतीला मर लागून झाडं सुकली, की चिमाजीला आता कमी ऐकू येतं, की बाजारात नवीन पोरं जुडीत शिळ्या कळ्या घालतात. मधेच थांबून विचारत, "ऐकू राहिला का?" आणि स्टुलावरून बारीक आवाज येई, "ऐकतोय, बोला."